कव्हरवरचं तोंड

आमच्या परभणी जिल्ह्यात छापील कागद कशासाठी असतो असं कुणी विचारलं, तर मी सरळ सांगेन, तोंडं दाखवण्यासाठी. मजकूर हा तोंडांच्या मधल्या फटीत बसवायचा असतो. परभणीत बसस्टँडच्या मागं माझं डीटीपीचं दुकान आहे. लग्नपत्रिका, उद्घाटनं, निवडीबद्दलचे सत्कार, वाढदिवस, दशक्रिया, सगळं माझ्या हाताखालून जातं, आणि सगळ्यांत तीच ती तोंडं असतात. फक्त प्रसंग बघून हसू कमीजास्त करावं लागतं. एका पोराच्या वाढदिवसाच्या फ्लेक्सवर इतके शुभेच्छुक चढले की पोरगा खाली कोपऱ्यात गेला. त्याची आईच मला विचारत होती, "आमचा कुठं हाय यात?"

कागदावर बोटभर पांढरी जागा राहिली की गिऱ्हाईक अस्वस्थ होतं. "इथं कोण बसंल?" असं विचारतं, जणू काळीपिवळीत एक सीट मोकळी राहिलीय आणि ती भरल्याशिवाय गाडी हलणार नाही. इतकी वर्षं हे बघून मला माणसांच्या तोंडांचा वीट आला आहे. तरीही एका बाईचं तोंड एका सीडीच्या कव्हरवर यावं म्हणून मी गावातल्या मोठ्या माणसांशी वैर घेतलं. ती बाई माझी सासू.

आमच्याकडं सासूला आत्याबाई म्हणतात. माझं आणि आत्याबाईंचं फार गूळपीठ होतं असं मात्र समजू नका. माझ्या भाकरीला त्यांनी कधी चांगलं म्हटलं नाही आणि माझ्या धंद्याला त्या 'टकटक' म्हणतात. "टकटक झाली का तुजी?" हे त्यांचं माझ्याशी फोनवरचं पहिलं वाक्य. मी नवरा आणि लेकीबरोबर परभणीत, त्या राणीसावरगावच्या पुढं आमच्या गावी. पण ती बाई गायची, आणि ती गायला लागली की मी माझी सगळी गाऱ्हाणी विसरायचे, हे कबूल करायला पाहिजे.

हळद, बारसं, डोहाळजेवण, कुठलंही कार्य असलं की त्यांना बोलावणं यायचं. कधी जीपमधून, कधी कुणाच्या मोटारसायकलवर मागं एका अंगाला बसून त्या जायच्या. त्यांचा गळा गोड नव्हता. जाड आणि जरा खरखरीत होता, पण मांडवाच्या टोकाला भांडी घासत बसलेल्या बाईलाही शब्द न् शब्द कळायचा. बरीच गाणी जुनी, बायाबायांतून आलेली. काही मात्र त्यांनी स्वतः जोडलेली. त्यातलं हळदीचं गाणं ऐकायला तर बायका लांबून यायच्या. त्यात हळदच बोलते. वसमतच्या बाजारातून आलेली हळद नवरीच्या दारात अडून बसते. म्हणते, आधी मला सांगा ही पोर कुठं चाललीय, तिथं तिला कुणी बस म्हणेल का, पोटभर वाढेल का, मगच मी अंगाला लागीन. हे गाणं सुरू झालं की बायका हळद लावायची विसरून डोळे पुसत बसायच्या.

या गाण्यांची सीडी काढावी असं माझ्या मनात आलं. तेव्हा सीडीचे दिवस सरत आले होते, पण जत्रेत आणि बसस्टँडवर अजून ढीग लागायचे. आत्याबाईंना विचारलं. त्यांनी निवडत असलेल्या डाळीतून मान वर केली नाही.

"काढ. पर माजा फोटू लाव. म्होरं, मोठा."

"फोटो कशाला? तुमचं नाव टाकते ना ठळक अक्षरात."

"नाव वाचायचं कुणी? मला ज्या बाया बलावत्यात त्यातल्या कितीजणीला वाचता येतंय? फोटू बघितला म्हंजी कळतंय, ही बाई गायली म्हून."

अक्षरांवर पोट भरणाऱ्या मला हे सुचायला हवं होतं. ज्यांच्यासाठी गाणी होती त्यांच्या लेखी कव्हरवरचं तोंड हेच नाव. ज्याचं तोंड पुढं, त्याचा गळा. आत्याबाईंनी जन्मात दुसरं काही मागितल्याचं मला आठवत नाही. जे मागितलं ते मी द्यायचं ठरवलं.

फोटोसाठी त्यांना गंगाखेडला घेऊन गेले. फोटोवाला म्हणाला, "मावशी, तोंड मिटा."

"मिटते की. पर मंग त्यो मतदानाच्या कार्डाचा फोटू व्हईल. गाणारी बाई तोंड मिटून असती व्हय?"

एक हात कानावर, डोळे मिटलेले, तोंड उघडं, आणि डोक्यावरचा पदर जरा मागं सरकलेला असा तो फोटो निघाला. फोटोवाला नाक मुरडत होता. माझ्या संगणकावर आजवर जेवढे फोटो आले त्यात कुणीतरी काहीतरी करत असलेला असा हा एकच.

आता इथं मालक आले. आमच्या गावात दर दुसऱ्या वाक्यात मालक येतात. ऊस त्यांचा, विहिरी त्यांच्या, देवळाच्या दारावरची पाटी त्यांची. त्यांच्या आई, ज्यांना सगळं गाव मालकीणबाई म्हणायचं, त्या वारल्या होत्या आणि वर्षश्राद्ध जवळ आलं होतं. आमच्याकडच्या बड्या घरांत अशी रीत आहे की वर्षश्राद्धाला कीर्तन ठेवायचं, गावजेवण घालायचं आणि गेलेल्या माणसाचा फोटो असलेली एखादी वस्तू घरटी वाटायची. कुणी स्टीलचं ताट वाटतं, कुणी हरिपाठाची पुस्तिका, कुणी कॅलेंडर. जिवंतपणी ज्या आईला कुणी दवाखान्यात नेलं नाही तिचा फोटो मेल्यावर पंचक्रोशीत पोचवतात, आणि लोक म्हणतात, लेक असावा तर असा. मालकांना काहीतरी नवीन वाटायचं होतं. सीडीचं त्यांच्या कानावर गेलं.

"आमी काढतो," ते घरी येऊन म्हणाले. "समदा भार आमचा. मावशीनं फकस्त गायाचं."

मला वाईट वाटायला हवं होतं, पण मला आनंदच झाला. सीडी निघणार होती. श्राद्धाच्या वाटपात हळदीची गाणी कशी चालतील असा प्रश्न एकाच माणसाला पडला, तो म्हणजे मालकांबरोबर आलेल्या सरांना. हे सर आमच्या भागातले निवेदक. लग्न असो की श्रद्धांजली, माईक त्यांच्या हातात, आणि दोन्हीकडं तोच आवाज. मालकांनी त्यांना उडवून लावलं. "आईला हळदीची गाणी लय आवडायची."

मालकीणबाईंना काय आवडायचं हे मला माहीत नाही. त्यांना गाताना मात्र कुणी ऐकलं नव्हतं. आरतीला त्या टाळ्या वाजवायच्या आणि ओठ हलवायच्या. त्यांच्या घरच्या कार्यात आत्याबाई गायला गेल्या की त्यांची बसायची जागा कडब्याच्या गंजीपाशी असायची, आणि चहा वेगळ्या कपात यायचा. आत्याबाई तो चहा पिऊन गायच्याही. मी असते तर कप तिथंच पालथा घातला असता.

भिंतींना गाद्या ठोकलेल्या एका खोलीत, परभणीतच, रेकॉर्डिंग झालं. एक ढोलकी, एक टाळ आणि मागं धरायला गावातल्या दोघी. आत्याबाई खुर्चीवर बसेनात, खाली मांडी घालून गायल्या. मध्येच थांबून रेकॉर्डिंगच्या पोराला माईक खाली घ्यायला लावला. संध्याकाळच्या आत सगळं आटोपलं, आणि बाहेर येऊन त्यांनी मला विचारलं, "फोटूचं ध्यानात हाय न्हवं?"

मग मालक आणि सर माझ्या दुकानात डबा निवडायला आले. मी टेबलावर सगळे प्रकार मांडून ठेवले होते. साधं कागदी पाकीट, मधे गोल खिडकी असलेलं पाकीट, पातळ डबी, आत पुस्तिका बसते ती जाड पारदर्शक डबी, पुठ्ठ्याची घडीची, आणि सिनेमाच्या सीडीला असतो तो उभा काळा डबा. माझं मनातलं ठरलेलं होतं. जाड पारदर्शक डबी घ्यायची, पुढं आत्याबाई, मागं गाण्यांची नावं, आणि आतल्या पुस्तिकेचं पहिलं पान मालकीणबाईंना. सगळ्यांची सोय होत होती.

मालकांनी कागदी पाकीट दोन बोटांत धरलं. "ह्याच्यात आईला घालू? ही तर तंबाकूची पुडी झाली."

"खिडकीचं बघा. आतली सीडी बाहेरून दिसते," मी म्हणाले. सीडीवर आत्याबाईंचा चेहरा छापला तर तो खिडकीतून दिसेल, हा माझा दुसरा डाव होता.

सरांनी डोळे मिटून मान हलवली. "खिडकीतून डोकावणं हे आपल्या संस्कृतीत बसत नाही."

संस्कृती पाकिटाच्या खिडकीशी येऊन अडते हे मला त्या दिवशी कळलं. पातळ डबी बघून मालक म्हणाले, लोकांना वाटेल हात आखडला. घडीची डबी बारशाच्या पत्रिकेसारखी वाटली. माझी जाड पारदर्शक डबी त्यांनी उघडली, मिटली, पुन्हा उघडली, आणि बिजागरी मोडली. शेवटी हात गेला उभ्या काळ्या डब्याकडं. तो त्यांनी टेबलावर उभा करून पाहिला.

"हे उभं ऱ्हातंय का आपआपून? मंग हेच. आई उभी ऱ्हायली पाह्यजे."

गाण्यासाठी डबा निवडायचा असतो हे तिथं कुणाच्या गावीही नव्हतं. जो सगळ्यांत मोठा, त्यात आई मोठी दिसणार, एवढाच हिशोब. डबा ठरल्यावर त्यावर माणसं बसवायला सुरुवात झाली. पुढच्या बाजूला मालकीणबाई, हार घातलेल्या, दोन्हीकडं समया, मागं ढग. ढगांसाठी सरांचा आग्रह. मागच्या बाजूला 'प्रेरणा' म्हणून मालक, 'सौजन्य' म्हणून त्यांची दोन्ही पोरं, 'आशीर्वाद' म्हणून दोन पुढारी, आणि 'शब्दांकन' म्हणून काळा चष्मा लावलेले सर. कसलं शब्दांकन, तर कव्हरवर 'मातृस्वर' हा एक शब्द त्यांनी सुचवला होता.

"आणि गाणारी?" मी विचारलं.

"त्यांचं नाव आहे की खाली," सर म्हणाले. होतं. मुंगीएवढं, छापखान्याच्या पत्त्याच्या वर.

"मालक, फोटो पुढं पाहिजे त्यांचा. बाया फोटो बघून ओळखतात. तुम्ही मालकीणबाईंना पुढं ठेवलं तर लोक समजतील त्याच गायल्यात."

मालक मोठ्यानं हसले. "येडी का काय सूनबाई. आमच्या आईला कदी कुणी गाताना बघितलंय का?"

हे वाक्य मी तेव्हा कागदावर लिहून त्यांची सही घ्यायला हवी होती, असं नंतर अनेकदा मनात आलं.

मी हट्ट सोडत नाही हे पाहून मालक उदार झाले. म्हणाले, मावशीला आत घेऊ, सीडीवर. पण आधी सीडीवर देवी पाहिजे असं सरांचं म्हणणं पडलं. मी सांगितलं की सीडीच्या मधोमध भोक असतं आणि भोवती काचेसारखा पारदर्शक गोल असतो, तिथं छपाई येत नाही. देवीच्या पोटाला भोक? दोघांनी कानाला हात लावले. मग मालकीणबाईंचा दुसरा फोटो घ्यायचं ठरलं. तो संगणकावर चढवला तर भोक नेमकं कपाळावर आलं. मालकांच्या डोळ्यांत खरोखर पाणी आलं. आईच्या कपाळाला भोक पडलेलं ते बघू शकत नव्हते.

"मंग मावशीलाच घ्या," ते डोळे पुसत म्हणाले. "मावशीला चालतंय."

मावशीला चालतं. कडब्याच्या गंजीपाशी चालतं, वेगळ्या कपात चालतं, भोकाभोवतीही चालतं. मला फार राग आला. पण मी तो राग गिळला आणि आत्याबाईंचा फोटो भोकाच्या खाली, डाव्या अंगाला असा बसवला की चेहरा पूर्ण राहिला. उघडं तोंड, मिटलेले डोळे, कानावरचा हात, सगळं. पुढं नाही तर नाही, जो कुणी सीडी लावायला डबा उघडेल त्याला तर ही बाई दिसेल, अशी मी स्वतःची समजूत घातली.

सरांनी ते बघितलं आणि त्यांच्यातला विनोदी निवेदक जागा झाला. "तोंड उघडंच आहे त्यांचं. भोक तिथंच बसवलं तर? आपोआप जमून जाईल."

मालकही हसले. मी म्हणाले, "सर, हे माझ्या हातून होणार नाही. तुमच्या कवितेच्या पुस्तकावर तुमचा फोटो टाकताना लक्षात ठेवते." सरांचं कवितेचं पुस्तक माझ्याकडंच व्हायचं होतं, म्हणून त्यांनी विषय सोडला. फाईल घेऊन मात्र हैदराबादला तेच गेले, कारण सीड्या तिथं निघणार होत्या.

खोकी आली तेव्हा मी गावी होते. आत्याबाईंनी हात धुतले, पदराला पुसले आणि डबा उघडायला माझ्याकडं दिला. मी प्लास्टिक फाडलं. सर 'सुधारणा' करून आले होते. आत्याबाईंचं तोंड जिथं होतं तिथं भोक होतं. नाकाचा शेंडा आणि हनुवटी काचेच्या गोलात गेली होती, वर दोन मिटलेले डोळे आणि बाजूला कानावरचा हात उरला होता.

त्यांनी सीडी हातात घेतली. भोकात तर्जनी घातली, ती पलीकडून निघाली. बोटावर सीडी फिरवून पाहिली.

"म्होरं कोण हाय?" त्यांनी विचारलं. मी डबा दाखवला.

"ह्या व्हय," एवढंच म्हणून त्या चुलीकडं गेल्या. त्या रडल्या असत्या किंवा मला शिव्या दिल्या असत्या तर मला सोपं गेलं असतं.

वर्षश्राद्धाला बुंदी, वरण-पोळी आणि घरटी एक डबा असं वाटप झालं. सरांनी माईकवरून मालकीणबाईंना 'स्वरमाउली' म्हटलं. आत्याबाई बायकांच्या पंगतीत होत्या, त्यांना सत्काराचा नारळ मिळाला, तोही मागाहून, आठवण झाल्यावर.

आणि डबे घरोघर जाऊन उभे राहिले. उघडले कुणीच नाहीत. आमच्या लोकांची एक खोड आहे, वस्तूवरचं प्लास्टिक काढायचं नाही. सोफा आणला की तो प्लास्टिकसकट झिजतो, रिमोट पिशवीत मरतो, पाहुण्याला दिलेल्या गादीचं प्लास्टिक रात्रभर कुरकुरतं. त्यात हा डबा तर हार घातलेल्या बाईचा. मेलेल्या माणसाचं तोंड फाडायचं कुणी? बायकांनी तो देव्हाऱ्याच्या बाजूला उभा केला, हळदीकुंकवाचं बोट लावलं, आणि संपलं. टीव्हीशेजारी, मिठाच्या बरणीशेजारी, जिकडं जावं तिकडं मालकीणबाई ढगांत उभ्या. आत सीडी आहे हे पुष्कळांना ठाऊकही नसावं. गाण्याच्या सीडीचा फोटोफ्रेम करून दाखवणं हे आमच्याच गावाला जमतं.

एकाच माणसानं डबा फोडला, तो म्हणजे गंगाखेडचा एक मोबाईल दुकानदार. बायकांना मेमरी कार्डात गाणी भरून हवी असत. त्याला हळदीची गाणी नवीनच मिळाली. त्यानं ती संगणकात घेतली, आणि गाणं वाजताना पडद्यावर चित्र दिसतं तिथं डब्याचं पुढचं तोंड लावून टाकलं. त्याचा काय दोष म्हणायचा? गाण्याला तोंड लागतं आणि डब्यावर एकच मोठं तोंड होतं. त्या कार्डातून या कार्डात, या फोनमधून त्या फोनमध्ये गाणी गेली. जिंतूर, पूर्णा, सोनपेठ, सगळीकडं. मी म्हटलं होतं तसंच झालं, फक्त मला त्याचा काडीचाही आनंद झाला नाही.

चुडाव्याला आमच्या नात्यात हळद होती. मी आणि आत्याबाई गेलो होतो. आत्याबाईंनी हळदीचं गाणं धरलं, तेच, दारात अडून बसणाऱ्या हळदीचं. संपल्यावर एक बाई सरकत जवळ आली. भली बाई होती, कौतुकानंच बोलत होती.

"लय हुबेहूब गाता हो तुमी. त्या मालकीणबाईवानी. मोबाईलवर ऐकून शिकल्या का?"

आत्याबाईंनी तिच्याकडं बघितलं. माझं तोंड उघडलं होतं, पण त्यांनी माझ्या मांडीवर हात ठेवला.

"तुमाला आवडतंय का त्यांचं?" त्यांनी विचारलं.

"लय. बिचारी गेली म्हणं."

"व्हय. गेली," आत्याबाई म्हणाल्या आणि पाणी मागितलं.

घरी येताना मी रस्ताभर बडबडत होते.

पुढच्या वर्षी दुसरं श्राद्ध. मालक घरी आले, मी तिथंच होते. सोबत नव्या फ्लेक्सचा मजकूर आणला होता, त्यात 'गानकोकिळा कै. मालकीणबाई' असं लिहिलेलं. मी तो वाचला आणि परत दिला. मालक आत्याबाईंपुढं बसले, आवाज मऊ करून म्हणाले, "मावशी, यंदा कीर्तनाच्या आधी तुमी येऊन आईची गाणी म्हना. लोकास्नी लय आवडत्यात आईची गाणी."

मी त्यांच्या तोंडाकडं निरखून बघितलं. खोटं बोलणाऱ्या माणसाच्या तोंडावर काहीतरी हलतं. तिथं काहीच हलत नव्हतं. वर्षभर तो डबा रोज बघून बघून या माणसाला आपली आई गायची हे आठवायला लागलं होतं.

"तुमच्या आईलाच लावा की," आत्याबाई शांतपणे म्हणाल्या. "त्या गात्यात तर मी कामून मधी तोंड घालू?"

मालकांना ते मनापासून पटलं. "ते बी खरंच हाय," म्हणून ते उठून गेले.

त्या दिवसापासून आत्याबाईंनी सीडीतली गाणी सोडली. बाकीची म्हणायच्या, ती म्हणायच्या नाहीत. बायकांनी हट्ट धरला की सांगायच्या, "ती त्या मालकीणबाईची. मोबाईलवर लावा." मी भांडले. म्हटलं, तुमचा गळा, तुमचे शब्द, असं सोडून कसं द्यायचं? त्या म्हणाल्या, "मी गायले तरी लोक म्हनत्यात, तिच्यावानी गाती. मंग तिचंच असंल." आयुष्यभर जोडलेली गाणी त्यांनी अशी टाकून दिली, आणि मला अजूनही त्या मालकाचा, त्या सराचा आणि प्लास्टिक न फाडणाऱ्या आमच्या अख्ख्या गावाचा संताप येतो. गाव मात्र मजेत आहे.

गेल्या उन्हाळ्यात माझ्या लेकीचं लग्न झालं. हळद आमच्या दारातच होती. आत्याबाई आता थकल्या आहेत, पण नातीच्या हळदीला मांडी घालून पुढं बसल्या आणि दोन-तीन गाणी छान गायल्या. मग लेकीनंच मागितलं, "आजी, हळदीचं म्हण ना. माझ्यासाठी."

आत्याबाईंनी नकाराची मान हलवली. लेक पुन्हा म्हणाली. मीही म्हणाले. त्या ओठ मिटून हळद कालवत राहिल्या.

नवरदेवाकडून उष्टी हळद घेऊन आलेल्या बायकांत एक तरुण बाई होती. तिला वाटलं, म्हातारीला येत नसेल. "थांबा, माझ्याकडं हाय ते," म्हणत तिनं फोन काढला आणि पाटाशेजारी तांब्याला टेकवून उभा केला. पडद्यावर मालकीणबाई आल्या, हार, समया, ढग. आणि आत्याबाईंचा तेव्हाचा भरदार आवाज आमच्या अंगणात सुरू झाला. हळद दारात अडून बसली, विचारायला लागली, पोरीला तिथं कुणी बस म्हणेल का.

मी तो फोन उचलायला वाकले. आत्याबाईंनी हळदीच्या हातानं माझं मनगट धरलं आणि सोडलं नाही. गाणं संपेपर्यंत त्या खाली बघून ऐकत होत्या. लेक रडत होती. बायका डोळे पुसत होत्या.

"किती चांगलं गायलंय न्हवं, आजी?" त्या बाईनं विचारलं.

आत्याबाईंनी नातीच्या गालाला हळद लावली.

"चांगली गायलीय," त्या म्हणाल्या. "जित्ती असती तर आज बलावली असती."